एमसीपीचा पायथन एसडीके: टूलचं वर्णन लिहिणाऱ्याच्या नजरेतून

एआय एजंटला टूल द्यायचं म्हणजे फंक्शन लिहून द्यायचं, असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात फंक्शन सर्व्हरवरच राहतं. मॉडेलपर्यंत पोचतात तीन गोष्टी: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटर्सची जेसन स्कीमा (कोणतं मूल्य कोणत्या प्रकारचं हवं याचा साचा). फंक्शनच्या आतला कोड, त्यातल्या टिपणी किंवा टीमच्या दस्तऐवजातलं स्पष्टीकरण यातलं काहीही मॉडेलला दिसत नाही. म्हणून इथे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा (एमसीपी, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याचा खुला संकेत) अधिकृत पायथन एसडीके (सर्व्हर लिहिण्यासाठीचा तयार कोड-संच) आणि त्याच्या जोडीचा इन्स्पेक्टर (सर्व्हर तपासून पाहण्याचं साधन) हे एकाच प्रश्नावर तपासले आहेत: लिहिणाऱ्याने जे लिहिलं, ते मॉडेलसमोर जसंच्या तसं जातं का? आणि जात नसेल, तर ते वेळेत कळतं का?

थोडी पार्श्वभूमी. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणलं आणि टूलचं वर्णन जेसन स्कीमासोबत देण्याची पद्धत रूढ झाली. पुढे प्रत्येक कंपनीचा साचा थोडा थोडा वेगळा होत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी खुला केला. सर्व्हर एकदाच लिहायचा आणि कुठल्याही होस्टला (मॉडेल चालवणाऱ्या अ‍ॅपला) जोडायचा, ही त्यामागची कल्पना. होस्ट ‘टूल्स/लिस्ट’ ही विनंती पाठवतो, सर्व्हर टूलची यादी देतो आणि होस्ट ती मॉडेलच्या संदर्भात घालतो. पायथन एसडीकेमधला फास्टएमसीपी हा क्लास ही यादी फंक्शनवरून आपोआप बनवतो. त्याचं सगळं बळ या ‘आपोआप’मध्ये आहे आणि बहुतेक तक्रारीही तिथूनच निघतात. खालचं सगळं एसडीकेच्या १.x मालिकेबद्दल आहे.

उभारणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पायथन ३.१० किंवा पुढची आवृत्ती लागते. पॅकेज त्याच्या सीएलआय (कमांड लाइनवरून चालणाऱ्या) जोडासह बसवायचं, फंक्शनच्या डोक्यावर टूलचा डेकोरेटर (फंक्शनला वेष्टण घालणारी ‘@’ची ओळ, इथे त्याला टूल म्हणून नोंदवणारी) लावायचा आणि ‘एमसीपी डेव्ह’ ही आज्ञा चालवायची. इन्स्पेक्टर ब्राउझरमध्ये ६२७४ पोर्टवर उघडतो, त्याचा प्रॉक्सी ६२७७ वर असतो. इन्स्पेक्टरसाठी नोड लागतं. पहिल्याच दिवशी पाय अडकतो तो प्रिंटमध्ये. एसटीडीआयओ वाहतुकीत (सर्व्हर आणि होस्ट स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलतात तेव्हा) स्टँडर्ड आउटपुट हीच संदेशांची वाट असते. तिथे एक साधं प्रिंट विधान राहिलं तरी होस्टला मोडकं जेसन मिळतं. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवावेत. एवढं सांभाळलं की दहा मिनिटांत सर्व्हर उभा राहतो आणि हे श्रेय एसडीकेला द्यायलाच हवं.

डॉकस्ट्रिंग

डेकोरेटरला वेगळं वर्णन दिलं नसेल तर एसडीके फंक्शनची डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या सुरुवातीला स्ट्रिंग म्हणून लिहिलेलं वर्णन) उचलतो, आणि ती पूर्ण उचलतो. पहिल्या ओळीचा सारांश घेऊन बाकी सोडून द्यावं, असं तो करत नाही. म्हणजे ‘रेझेस’ विभाग, डॉकटेस्टची उदाहरणं, ‘हे नंतर सुधारायचं आहे’ अशी सहकाऱ्यासाठीची नोंद, हे सगळं मॉडेलच्या संदर्भात जातं आणि प्रत्येक विनंतीसोबत जातं. सहकाऱ्यासाठी लिहिलेली डॉकस्ट्रिंग आणि मॉडेलसाठी लिहिलेलं वर्णन यांचे वाचक वेगळे आहेत. सहकारी शंका आली तर कोड उघडून बघतो, मॉडेलला ती सोय नाही. त्यामुळे डेकोरेटरच्या ‘डिस्क्रिप्शन’ या आर्ग्युमेंटमध्ये मॉडेलसाठीचा मजकूर स्वतंत्रपणे द्यावा आणि डॉकस्ट्रिंग माणसांसाठी ठेवावी.

यात एक बारीक गोष्ट आहे. पायथन ३.१२ पर्यंत डॉकस्ट्रिंगच्या ओळींपुढचं इंडेंटेशन मजकुरात तसंच राहतं आणि एसडीके ते साफ करत नाही. ३.१३ पासून कंपायलरच ते काढून टाकतो. मॉडेल मोकळ्या जागांनी गोंधळत नाही, पण पन्नास टूल असतील तर फुकट टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांत मॉडेल तो मोजतं) जातात. शिवाय पायथनची आवृत्ती बदलली की वर्णनाचा मजकूर बदलतो आणि जुन्या-नव्याची तुलना करणारी तपासणी विनाकारण लाल होते.

याहून गंभीर तीन सापळे आहेत. तिन्हींत सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो, टूल यादीत दिसतं आणि वर्णन मात्र रिकामं असतं.

पहिला एफ-स्ट्रिंगचा, म्हणजे आत चलांची मूल्यं भरणाऱ्या स्ट्रिंगचा. कमाल नोंदींची संख्या एखाद्या स्थिरांकातून यावी म्हणून डॉकस्ट्रिंगपुढे एफ लावला जातो. पायथनच्या नियमानुसार एफ-स्ट्रिंग ही डॉकस्ट्रिंग नसतेच. ती साधी राशी ठरते, तिचं मूल्य काढून टाकून दिलं जातं आणि वर्णन म्हणून रिकामी स्ट्रिंग जाते. असा बदलता मजकूर हवाच असेल तर तो ‘डिस्क्रिप्शन’ आर्ग्युमेंटमध्ये द्यावा, तिथे एफ-स्ट्रिंग चालते.

दुसरा मधल्या डेकोरेटरचा. परवानगी तपासणारा किंवा वेळ मोजणारा स्वतःचा डेकोरेटर टूलच्या डेकोरेटरखाली लावला आणि त्यात फंक्टूल्सचं ‘रॅप्स’ (मूळ फंक्शनची ओळख पुढे नेणारं) विसरलं, तर डॉकस्ट्रिंग आणि सही (पॅरामीटर्सची नावं आणि प्रकार) दोन्ही हरवतात. सहीची हानी मोठी. स्कीमात खऱ्या पॅरामीटर्सऐवजी ‘आर्ग्स’ आणि ‘क्वार्ग्स’ अशी दोन अर्थहीन नावं येतात आणि मॉडेल त्यात अंदाजाने काहीबाही भरतं.

तिसरा सापळा तैनातीचा. पायथन दुहेरी ओ (-OO) या ऑप्टिमायझेशन पर्यायाने चालवला तर डॉकस्ट्रिंग काढून टाकल्या जातात. विकासकाच्या यंत्रावर सगळं छान आणि तैनात केलेल्या सर्व्हरवर एजंट अचानक ‘मठ्ठ’ झालेला! कारण शोधताना आधी मॉडेलवर संशय जातो, मग प्रॉम्प्टवर. वर्णनं गायब झाली असतील हे शेवटी सुचतं.

एसडीकेविषयीची सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे. रिकाम्या वर्णनाचं टूल नोंदवताना त्याने निदान इशारा द्यायला हवा होता. तो देत नाही.

पॅरामीटर्स

टाइप हिंटवरून (पॅरामीटरपुढे लिहिलेल्या प्रकारावरून) स्कीमा बनवण्याचं काम पायडँटिक (डेटा पडताळणारी लायब्ररी) करतं आणि चोख करतं. ‘लिटरल’ दिलं की एनम (ठरावीक मूल्यांची यादी) मिळतो. पूर्णांकाला किमान-कमाल मर्यादा दिल्या की त्या स्कीमात उतरतात, डीफॉल्टही उतरतो. मात्र पॅरामीटरचं वर्णन डॉकस्ट्रिंगमधल्या ‘आर्ग्स’ विभागातून उचललं जात नाही. ते मिळवायचं तर ‘अ‍ॅनोटेटेड’ आणि ‘फील्ड’ वापरून प्रत्येक पॅरामीटरपाशी लिहावं लागतं. नाही लिहिलं तर स्कीमात फक्त नावावरून बनलेलं शीर्षक आणि प्रकार राहतो: ‘फ्रॉम डेट, स्ट्रिंग’.

‘आर्ग्स’ विभाग वाया जातो असं नाही. तो टूलच्या वर्णनाचा भाग म्हणून मॉडेलला दिसतोच. तरी पॅरामीटरपाशी लिहिणं जास्त चांगलं. एक तर नाव बदललं की वर्णन त्याच ओळीवर असल्यामुळे ते बदलायचं राहत नाही. दुसरं, होस्ट जेव्हा वापरणाऱ्याला मंजुरीसाठी फॉर्म दाखवतो तेव्हा त्याला स्कीमातलंच वर्णन सापडतं.

तिथे काय लिहायचं? ‘सुरुवातीची तारीख’ असं लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच, ते नावावरून कळतं. लिहायचं ते असं: ‘या तारखेपासून पुढच्या नोंदी, ही तारीख धरून. वर्ष-महिना-दिवस असं लिहा, उदा. २०२५-०३-०९. यूटीसीप्रमाणे. न दिल्यास गेले ३० दिवस.’ इतक्या मजकुरात स्वरूप, सीमा आत की बाहेर, वेळेचा पट्टा आणि मूल्य न दिल्यास काय होतं, ही चारही उत्तरं आली. तारखेच्या पॅरामीटरमध्ये चुका होतात त्या बहुतेक याच चार जागी.

एकक नावातच घालावं. ‘टाइमआउट’ नको, ‘टाइमआउट_सेकंद्स’ हवं. ‘यूजर’ नको, ‘यूजर_आयडी’ हवं. नुसतं ‘यूजर’ दिसलं की मॉडेल कधी नाव पाठवतं, कधी ईमेल, कधी क्रमांक, आणि यातलं प्रत्येक त्याच्या बाजूने योग्यच असतं. आयडी कुठून आणायचा तेही लिहावं: ‘सर्च_यूजर्सच्या उत्तरातला आयडी, नाव किंवा ईमेल चालत नाही.’ हे वाक्य नसेल तर मॉडेल दिसायला बरोबर वाटणारा आयडी स्वतःच रचतं.

आता एसडीकेचा एक स्वभाव, जो माहीत नसेल तर फार छळतो. स्कीमात नसलेलं आर्ग्युमेंट मॉडेलने पाठवलं तर एसडीके ते मुकाट्याने टाकून देतो. समजा, पर्यायी पॅरामीटरचं नाव ‘स्टेटस’ आहे आणि मॉडेलने ‘स्टेट’ पाठवलं. त्रुटी येत नाही. गाळणीच लागत नाही, सगळ्या स्थितींच्या नोंदी परत येतात आणि मॉडेल त्यांनाच ‘प्रलंबित तक्रारी’ समजून उत्तर रचतं. उत्तर आत्मविश्वासपूर्ण असतं आणि चुकीचं असतं. यावर उपाय असा की टूलच्या उत्तरातच लागू झालेल्या गाळण्या परत सांगाव्यात: ‘स्थिती: सर्व, कालावधी: गेले ३० दिवस, ४१२ पैकी २० नोंदी’. मॉडेलला आपली चूक लगेच दिसते आणि बहुतेक वेळा ते स्वतःच पुन्हा कॉल करतं.

याउलट एक सुखद सोय: यादीच्या जागी मॉडेलने यादीचं जेसन स्ट्रिंग म्हणून पाठवलं तर एसडीके ते उलगडून पाहतो. मॉडेल ही चूक वारंवार करतात आणि एसडीके ती निमूटपणे सावरून घेतो.

एकात एक मॉडेल गुंफून खोल रचना करण्याचा मोह टाळावा. पायडँटिक आतल्या रचनेची स्कीमा वेगळ्या जागी काढून मूळ जागी तिचा नुसता निर्देश ठेवतं आणि मॉडेलला ती ओलांडून वाचावी लागते. चार सपाट पॅरामीटर एका गुंतागुंतीच्या ऑब्जेक्टपेक्षा जास्त वेळा बरोबर भरले जातात. शिवाय सगळेच होस्ट स्कीमातल्या किमान-कमाल मर्यादा मॉडेलपर्यंत जशाच्या तशा नेतात असं नाही, म्हणून मर्यादा वर्णनातही एकदा लिहावी. ही पुनरुक्ती परवडते.

वर्णनाचा नमुना

तक्रार नोंदणीच्या प्रणालीतलं ‘सर्च_कम्प्लेंट्स’ हे टूल घेऊ. पहिल्या प्रयत्नात लिहिलं जातं ते साधारण असं: ‘तक्रारी शोधतं.’ चालण्यासारखं वर्णन असं असावं:

‘ग्राहकांच्या तक्रारी शब्द, स्थिती आणि तारखेनुसार शोधतं. तक्रार क्रमांक माहीत नसेल तेव्हा हे वापरा. माहीत असेल तर थेट गेट_कम्प्लेंट वापरा. शोध फक्त शीर्षकात आणि मूळ तक्रारीच्या मजकुरात होतो, त्यावरच्या उत्तरांत होत नाही. एका वेळी जास्तीत जास्त २० नोंदी, सर्वांत नवी आधी. पुढच्या नोंदींसाठी उत्तरातला नेक्स्ट_कर्सर पाठवा. प्रत्येक नोंदीत क्रमांक, शीर्षक, स्थिती आणि तारीख असते, पूर्ण मजकूर नसतो. कशातही बदल करत नाही.’

यातलं एकेक वाक्य एकेक चूक रोखतं. दुसरं-तिसरं वाक्य नसेल तर क्रमांक हाती असतानाही मॉडेल तो शब्द म्हणून शोधत बसतं. चौथं नसेल तर उत्तरांतला एखादा शब्द न सापडल्यावर मॉडेल ‘अशी तक्रार नाही’ असं ठामपणे सांगतं. शोध कुठे पोचत नाही हे सांगणं म्हणूनच शोध कुठे पोचतो याइतकंच महत्त्वाचं. पाचव्याशिवाय २० नोंदींवरून एकूण संख्या सांगितली जाते. सातव्याशिवाय शीर्षकावरून तक्रारीचा आशय रचला जातो. शेवटचं वाक्य असलं की मॉडेल निर्धास्तपणे टूल वापरतं, प्रत्येक वेळी परवानगी मागत नाही.

अँथ्रॉपिकच्या दस्तऐवजात प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्यं लिहायला सांगितलं आहे, ते रास्त आहे. मात्र लांबी हे उद्दिष्ट ठेवू नये. ‘हे एक शक्तिशाली आणि लवचीक टूल आहे’ अशी वाक्यं सरळ काढावीत, त्यांच्यावरून मॉडेल कुठलाही निर्णय घेऊ शकत नाही. तसंच ठळक अक्षरांत ‘नेहमी हेच टूल वापरा’ असं बजावणंही टाळावं. तसं दोन टूलमध्ये लिहिलं की ती एकमेकांशी भांडतात, आणि एकात लिहिलं की ते नको तिथेही वापरलं जातं. अट सांगावी आणि अटीचं कारण सांगावं. ‘परतावा दिल्यावर मागे घेता येत नाही, म्हणून रक्कम वापरणाऱ्याकडून पक्की करून मगच कॉल करा’ हे ‘काळजीपूर्वक वापरा’ यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं.

नाव आणि संख्या

ओपनएआयच्या फंक्शन कॉलिंगमध्ये नावाला ६४ अक्षरांची मर्यादा आहे आणि रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि डॅश एवढंच चालतं. एमसीपीच्या नोव्हेंबर २०२५ च्या आवृत्तीत १२८ अक्षरांपर्यंतची शिफारस असून टिंबही चालतं. पण सर्व्हर अनेक होस्टना जोडायचा असतो, तेव्हा छोटी मर्यादाच धरून चालावं. त्यातही काही होस्ट नावापुढे सर्व्हरचं नाव जोडतात. क्लॉड कोड ‘एमसीपी, सर्व्हर, टूल’ असं दुहेरी अंडरस्कोरने जोडतो. मग सर्व्हरचं नाव लांबलचक असेल तर टूलच्या नावाला जागाच उरत नाही.

एकाच सर्व्हरमध्ये चुकून दोन फंक्शनना एकच टूलनाव गेलं तर फास्टएमसीपी पहिलं ठेवतो, दुसरं गाळतो आणि लॉगमध्ये एक इशारा टाकतो. इशारा नजरेतून निसटला की ‘मी वर्णन बदललं तरी परिणाम का होत नाही’ यात अर्धा दिवस जातो.

संख्येबद्दल ओपनएआयची सूचना एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शनं ठेवण्याची आहे, तीही काटेकोर नियम म्हणून नाही. आमच्या मते आकड्यापेक्षा जवळीक जास्त घात करते. एकमेकांपासून स्पष्ट वेगळी असलेली तीस टूल मॉडेल सांभाळतं. ‘गेट_यूजर’, ‘फेच_यूजर’ आणि ‘यूजर_इन्फो’ ही तिघं मात्र त्याला चकवतात, कारण त्यांतला फरक फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो. दोन टूलमधला फरक एका वाक्यात सांगता येत नसेल तर वर्णन सुधारत बसू नये, टूल एकत्र करावीत. सध्याच्या एपीआयच्या प्रत्येक एंडपॉइंटवर एकेक टूल चढवणं ही यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत महागात पडणारी वाट. एसडीके ती फार सुलभ करून ठेवतो हे खरं, पण त्याचा दोष एसडीकेवर टाकता येणार नाही.

उत्तर आणि त्रुटी

टूलचं उत्तर हासुद्धा मॉडेलसाठी लिहिलेला मजकूर आहे. इथे एसडीकेचं वागणं माहीत असणं गरजेचं. फंक्शनने यादी परत केली तर तिचा प्रत्येक घटक वेगळा मजकूर-खंड बनतो. यादी रिकामी असेल तर मजकूर-खंडही शून्य. मॉडेलला ‘काही सापडलं नाही’ असं कुणी सांगतच नाही, त्याला निव्वळ शांतता मिळते. ती शांतता टूल बिघडल्याची समजून ते तीच विनंती पुन्हा पाठवतं. रिकाम्या निकालासाठी वाक्य द्यावं: ‘या गाळण्यांत एकही तक्रार नाही. कालावधी वाढवून पाहा किंवा स्थितीची गाळणी काढा.’

जून २०२५ च्या प्रोटोकॉल आवृत्तीत रचनाबद्ध उत्तर आणि त्याची आउटपुट स्कीमा आली. एसडीके आता परतीच्या टाइप हिंटवरून ती बनवतो आणि मजकूर आणि रचनाबद्ध अशी दोन्ही रूपं पाठवतो. होस्ट यातलं कोणतं मॉडेलला दाखवेल ते होस्टवर अवलंबून. म्हणून उत्तरात काय असतं हे वर्णनात लिहिण्यापासून आउटपुट स्कीमा सुटका देत नाही.

फंक्शनमधून एक्सेप्शन उडालं तर एसडीके त्याचा संदेश ‘टूल चालवताना त्रुटी’ अशा अर्थाच्या आरंभासह, त्रुटीची खूण लावून मॉडेलकडे पाठवतो. हा निर्णय उत्तम आहे, कारण मॉडेल संदेश वाचून स्वतःला सुधारू शकतं. पण मग एक्सेप्शनचा मजकूरही वर्णनाइतकाच काळजीने लिहावा लागतो. ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ वाचून मॉडेलला काहीच करता येत नाही. ‘फ्रॉम_डेट ही टू_डेटनंतरची आहे, दोन्हींची अदलाबदल करून पाठवा’ वाचून करता येतं. पायडँटिकच्या पडताळणीच्या त्रुटी कामापुरत्या ठीक असतात, मात्र प्रत्येकीच्या शेवटी त्यांच्या संकेतस्थळाची लिंक चिकटलेली असते. मॉडेलला तिचा उपयोग शून्य. ज्या पॅरामीटरमध्ये चुका वारंवार होतात, तो सैल प्रकाराने घेऊन फंक्शनच्या आत स्वतः तपासावा आणि संदेश स्वतः लिहावा.

अ‍ॅनोटेशन्स

मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला चार सूचक खुणा लावता येतात: फक्त वाचतं का, विध्वंसक आहे का, पुन्हा चालवलं तर तोच परिणाम होतो का आणि बाहेरच्या जगाशी बोलतं का. काहीच लिहिलं नाही तर ‘फक्त वाचतं’ असत्य आणि ‘विध्वंसक’ सत्य धरलं जातं. डीफॉल्ट सावध बाजूचा आहे, त्यामुळे निरुपद्रवी शोध-टूललाही काही होस्ट प्रत्येक वेळी मंजुरी मागतात आणि वापरणारा कंटाळून सरसकट ‘हो’ दाबायला शिकतो. केवळ वाचणाऱ्या टूलवर पहिली खूण न विसरता लावावी. मात्र या खुणा होस्टसाठी आहेत. परिणाम वर्णनातही शब्दांत लिहिलेला हवा. प्रोटोकॉल स्वतःच सांगतो की अविश्वासू सर्व्हरच्या खुणांवर भरवसा ठेवू नये.

मराठीत वर्णन लिहावं का?

वर्णन मराठीत लिहिलं तर चालतं, एसडीके यूटीएफ-८ नीट हाताळतो. मात्र बहुतेक टोकनायझरमध्ये देवनागरी मजकूर तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन घेतो आणि वर्णन प्रत्येक विनंतीसोबत जातं. वापरणारे मराठीत विचारणार असतील तर मधला मार्ग असा: वर्णन इंग्रजीत, पण एनमच्या प्रत्येक मूल्यापुढे लोक वापरतात ते मराठी शब्द. ‘पेंडिंग’ या मूल्यापुढे ‘प्रलंबित, बाकी, अडकलेली’ हे शब्द दिले की मॉडेलला अंदाज बांधावा लागत नाही.

एक चूक मात्र सर्रास होते. टूल पायथनच्या जेसन मॉड्यूलने स्ट्रिंग बनवून परत करतं आणि एएससीआयआयची सक्ती बंद केलेली नसते. मग प्रत्येक देवनागरी अक्षर सहा वर्णांच्या संकेतात बदलतं. मजकूर कितीतरी पट फुगतो, टोकन जळतात आणि मॉडेल उतारा नीट उद्धृत करू शकत नाही. ‘एन्शुअर_आस्की’ असत्य करावं, किंवा सरळ डिक्शनरी परत करून एसडीकेला काम करू द्यावं, तो असे संकेत घालत नाही.

इन्स्पेक्टर

इन्स्पेक्टरमध्ये टूलची यादी, प्रत्येकाचा फॉर्म आणि खाली गेलेल्या-आलेल्या संदेशांचा इतिहास दिसतो. फॉर्मवर वेळ घालवण्याआधी इतिहासातलं ‘टूल्स/लिस्ट’चं कच्चं उत्तर उघडून वाचावं. वर सांगितलेले रिकाम्या वर्णनाचे, हरवलेल्या सहीचे आणि गायब पॅरामीटर-वर्णनाचे दोष तिथे एका नजरेत सापडतात. सीएलआय मोडही आहे. तो हेच उत्तर थेट टर्मिनलवर देतो.

आवृत्तीकडे लक्ष असावं. ०.१४.१ च्या आधीच्या इन्स्पेक्टरमध्ये ब्राउझर आणि प्रॉक्सी यांच्यात ओळख-तपासणी नव्हती आणि एखादं दुष्ट वेबपान उघडल्यावर विकासकाच्या यंत्रावर आज्ञा चालवता येत होत्या. हा दोष २०२५ मध्ये सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२५-४९५९६ म्हणून नोंदला गेला. नव्या आवृत्त्यांत सत्र-टोकन लागतं. ते कटकटीचं वाटलं तरी बंद करू नये.

इन्स्पेक्टरची मोठी उणीव म्हणजे त्यात मॉडेल नाही. टूल हाताने चालवून बघता येतं, पण मॉडेल ते निवडेल का, हे कळत नाही. ती चाचणी स्वतःच उभारावी लागते. वीस-तीस विनंत्या लिहाव्यात, खऱ्या वापरणाऱ्यांच्या अर्धवट भाषेत. प्रत्येकीपुढे अपेक्षित टूल आणि आर्ग्युमेंट लिहावीत. काही विनंत्या अशाही हव्यात जिथे एकही टूल वापरायला नको. प्रत्येक विनंती किमान पाच वेळा चालवावी, कारण एकदा बरोबर आलं याला अर्थ नाही. मग चुका दोन ढिगांत घालाव्यात. चुकीचं टूल निवडलं असेल तर दोष वर्णनाच्या पहिल्या दोन वाक्यांत असतो. योग्य टूल आणि चुकीची आर्ग्युमेंट असतील तर पॅरामीटरच्या वर्णनात असतो. एका वेळी एकाच टूलचं वर्णन बदलावं, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. बदल केल्यावर होस्ट पुन्हा जोडावा, कारण यादी बरेचदा सुरुवातीलाच घेऊन ठेवलेली असते.

दुसऱ्याचा सर्व्हर जोडताना हेच सगळं उलट बाजूने लागू होतं. वर्णन मॉडेल सूचना म्हणून वाचतं, त्यामुळे वर्णनात दडवलेली आज्ञाही ते पाळू शकतं. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जने हा हल्ला ‘टूल पॉयझनिंग’ या नावाने दाखवून दिला. पहिल्या दिवशी सभ्य असलेलं वर्णन नंतर बदलताही येतं. एसडीके किंवा इन्स्पेक्टर इथे राखण करत नाहीत.

दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारी व्यवस्था मात्र स्वस्तात होते. इन्स्पेक्टरच्या सीएलआय मोडमधून ‘टूल्स/लिस्ट’चं उत्तर फाइलमध्ये घ्यावं, ती फाइल कोडसोबत गिटमध्ये ठेवावी आणि प्रत्येक बिल्डमध्ये नव्याने काढून तुलना करावी. सोबत दोन अटी तपासाव्यात: कोणत्याही टूलचं वर्णन १०० अक्षरांपेक्षा लहान नसावं आणि कोणताही पॅरामीटर वर्णनाविना नसावा. मग एफ-स्ट्रिंगने पुसलेलं वर्णन असो की बाहेरच्या सर्व्हरने गुपचूप बदललेलं, ते रिव्ह्यूमध्ये लाल-हिरव्या ओळींत समोर येतं आणि कुणीतरी ते वाचल्याशिवाय पुढे जात नाही.